फादर, फक्त एक सही

माझ्या आधीच्या धर्मग्रामातली गोष्ट आहे. एका रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर एक वडील बारावीतल्या मुलाला घेऊन सॅक्रिस्टीत आले. मुलाला वकील व्हायचे होते. डिसेंबरात क्लॅटची परीक्षा: १२० प्रश्न, दोन तास, चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. तिथे कोणाचे पत्र चालत नाही. पण हाताशी दुसरी वाट असावी म्हणून त्यांनी एका खासगी विद्यापीठाचाही अर्ज आणला होता. त्याला 'मला कायदाच का शिकायचा आहे' हा निबंध आणि समाजकार्याचा दाखला जोडायचा होता. दाखल्याचा मजकूर वडिलांनी टाईप करूनच आणला होता. सदर विद्यार्थी गेली दोन वर्षे संत विन्सेंट डी पॉल सोसायटीबरोबर दर आठवड्याला गरीब कुटुंबांना भेटी देत आहे, वगैरे.

त्या दोन वर्षांत मुलगा दोनदा आला होता. दोन्ही वेळा नाताळात, खोकी उचलायला.

"फादर, फक्त एक सही. यात कोणाचे काय जाते?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. आठवी आज्ञा सांगते, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. आपल्याला वाटते, मी तर कोणाविरुद्ध बोलतच नाही, फक्त आपल्या मुलाच्या बाजूने बोलतो. पण जिथे जागा मोजक्या आणि अर्ज हजारो, तिथे एकाच्या बाजूने बोललेला प्रत्येक खोटा शब्द दुसऱ्या कोणाविरुद्ध जातो. कुठल्यातरी गावात एखादी मुलगी खरोखरच दर शनिवारी आजाऱ्यांकडे जात असेल. अर्ज तपासणाऱ्याला तिचा दाखला आणि याचा दाखला सारखाच दिसणार. शेजारी ती आहे. तिचे नाव आपल्याला कधी कळत नाही, म्हणून सही करणे सोपे जाते.

वकिलांचे आश्रयदाते संत थॉमस मोर यांना खोट्या साक्षीची किंमत मोजावी लागली. त्यांनाही वकिलीकडे वळवले ते वडिलांनीच. ऑक्सफर्डमधले शिक्षण थांबवून त्यांना कायदा शिकायला लंडनला आणले गेले. पुढे ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झाले. राजा आठव्या हेन्रीच्या शपथेला नकार दिल्यामुळे ते तुरुंगात गेले आणि १५३५ च्या जुलैमध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांच्याविरुद्ध मुख्य साक्ष दिली रिचर्ड रिच यांनी. तेही वकीलच. ही साक्ष खोटी आहे, असे मोर भर न्यायालयात म्हणाले. पाच दिवसांनी त्यांचा शिरच्छेद झाला. आणि रिच? १५४७ मध्ये तेच लॉर्ड चॅन्सलर झाले. तेव्हा खोट्याचे फळ या जगात वाईटच मिळते, असे मी त्या वडिलांना सांगू शकलो नाही. अनेकदा चांगले मिळते.

ते मला ठाऊक होते, कारण अशी सही मी पूर्वी केली होती. एका मुलीच्या दाखल्यावर 'नियमित' हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला. आई रडत होती, मला घाई होती. मुलीला प्रवेश मिळाला, तिने पेढे आणले आणि मी ते खाल्ले.

म्हणून या वेळी मी मुलाचा निबंध मागितला. त्यात 'गरिबांना न्याय मिळवून देण्यासाठी' असे तीनदा होते. मी विचारले, "खरे कारण काय रे?" तो वडिलांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबांच्या वाडीचा दावा बावीस वर्षे चाललाय. प्रत्येक तारखेला पप्पा रजा टाकतात. घरात ते कागद कोणालाच कळत नाहीत." थोडे थांबून म्हणाला, "आणि वकिलांना पैसे चांगले मिळतात."

पैसे मिळवण्याची इच्छा हे पाप नव्हे. मी त्याला म्हटले, हेच लिही.

दाखल्यात मी मला माहीत होते तेवढेच लिहिले. आठवीपर्यंत वेदीसेवक होता, दोन नाताळांत खोकी उचलली, मुलगा सरळ आहे. वडिलांनी कागदाची घडी केली आणि काही न बोलता निघाले. मी तिथे होतो तोवर ते दर रविवारी मिस्साला येत, पण कम्युनियनसाठी दुसऱ्या फादरांच्या रांगेत उभे राहत.