आपलें कूळ लपविणें हें पाप आहे काय?

अमेरिकन लेखिका नेला लार्सन हिची ‘पासिंग’ नांवाची कादंबरी १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. लेखिकेची आई डेन्मार्क देशाची गोरी व बाप वेस्ट इंडीज बेटांकडील मिश्र वंशाचा होता. ही कादंबरी वाचून आम्हांस पडलेला एक प्रश्न उपदेशक बंधूंपुढें ठेवावासा वाटतो.

कथेंतील क्लेअर हिचा वर्ण गोरा, पण कूळ काळ्यांचें. एक पूर्वज काळा निघाला तरी मनुष्य काळाच, अशी तेथें रूढि होती. व्हर्जिनिया प्रांतानें तर १९२४ सालीं तसा कायदाच केला. त्यांतील गोऱ्याकाळ्यांच्या विवाहाची बंदी सुप्रीम कोर्टानें १९६७ सालीं उठविली. क्लेअर आपलें कूळ लपवून एका गोऱ्या धनिकाशीं लग्न करिते. तो तिच्यादेखत काळ्यांची निंदा करून हंसतो, आणि तीहि हंसते! मूल काळें उपजेल कीं काय, ह्या धास्तींत तिचे नऊ महिने गेले. पुढें आपल्या लोकांच्या ओढीनें ती न्यूयॉर्कांतील त्यांच्या वस्तींत चोरून जाऊं लागते, आणि गुपित फुटतें त्याच रात्रीं खिडकींतून पडून मरते.

तिनें लबाडी केली, असें म्हणून पुस्तक मिटणें सोपें आहे. पण ही लबाडी तिला शिकविली कोणीं? बाप मेल्यावर तिला आज्याच्या दोन गोऱ्या बहिणींनीं घरीं नेलें. त्या शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, हामाच्या शापाचा दाखला देऊन तिला राबवीत, आणि शेजाऱ्यांस तिचें कूळ कळूं नये अशी ताकीद देत. (उत्पत्तींत शाप कनानास आहे, हामास नव्हे, पण तें असो.)

आमचीं मुलें पुण्यामुंबईस खोली शोधूं लागलीं कीं ‘तुम्ही कोण?’ ह्या प्रश्नाशीं अडखळतात. ‘ख्रिस्ती’ म्हटलें कीं लागलीच, ‘मूळचे कोण?’ हाच प्रश्न आमच्या मंडळ्यांतहि सोयरीक जुळवितांना अधिक बारकाईनें विचारतात. अशा मुलानें आडनांव बदललें तर त्यास पापी म्हणावें काय? एस्तेरनें मर्दखयाच्या सांगण्यावरून आपलें कूळ राजवाड्यांत लपविलें, आणि तिच्या लोकांवर संकट येतांच राजापुढें उघड केलें. नुसत्या नांवांत आम्हांस पाप दिसत नाहीं. मात्र गांवाहून भेटीस आलेल्या आईची मित्रांपुढें ‘कामवाली’ म्हणून ओळख देणारा क्लेअरच्याच वाटेला लागला. त्यास थांबविलेंच पाहिजे. परंतु त्याच्या दारीं जाण्यापूर्वीं उपदेशकानें आपल्या मंडळीचे वडील सोयरिकीच्या बैठकींत काय विचारतात, तें एकदां ऐकून यावें.