सोडणं आणि पळणं



आजचा श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातला आठवा. तो एकटा न वाचता मागचा-पुढचा धरून वाचूया. सातव्यात भगवंत म्हणतात, नेमून दिलेलं कर्म मोहानं सोडलं तर तो तामस त्याग. आठव्यात, ते कष्टाचं आहे, अंगाला त्रास होईल या भीतीनं सोडलं तर तो राजस, आणि त्याला त्यागाचं फळ नाही. नवव्यात सात्त्विक त्याग येतो: कर्म करायचं, सोडायची ती आसक्ती आणि फळाची आशा.

हे तीन श्लोक मी कितीतरी वेळा वाचलेत. या आठवड्यात मात्र ते वाचताना डोळ्यांसमोर एक जुनी ओमनी होती.

मालवण माझं आजोळ. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड ओमनी घेऊन त्यानं मागची सीट काढली, प्लायवूडची फळी टाकून झोपायची सोय केली, पाण्याचा कॅन, छोटी शेगडी आणि टपावर सोलर पॅनेल बसवलं. आता कॉलेज सोडून गाडीतच राहायचं, देश फिरायचा असं त्याचं ठरलंय. मामीनं फोन केला, "ह्येका जरा समजाव रे, तुझा तरी ऐकतलो." मामानं फीसाठी कर्ज काढलंय. मी रजा टाकून आलो.

तारकर्लीच्या रस्त्याला सुरूच्या बनाजवळ गाडी लावून तो चहा करत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दादा, विनोबांनीपण कॉलेज सोडलेला मा?"

खरंच आहे. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. सर्टिफिकेटं तर आधीच आईच्या चुलीत टाकली होती. म्हणजे राजस त्याग झाला का हा? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या वर्षांत दिसतं. काशीत ते संस्कृत शिकायला लागले. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीजींच्या कोचरब आश्रमात पोचले. तिथं दळण, भंगीकाम, विणकाम केलं. पुढे वाईला शिकायला एक वर्षाची रजा घेतली आणि वर्ष भरलं त्याच दिवशी आश्रमात हजर झाले. परीक्षेचा दिवस चुकवणारा माणूस स्वतः दिलेला दिवस चुकवत नाही! त्यांनी अभ्यास सोडला नाही, कष्ट तर वाढवलेच. सोडली ती पदवीची आशा. आणि १९५१ पासून भूदानासाठी तेरा वर्षं पायी फिरले ते दुसऱ्यांच्या जमिनीसाठी.

दुसरं उदाहरण तर इथलंच. टेंबे स्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती. १८५४ साली आपल्या कुडाळजवळच्या माणगावात जन्म, १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी. आयुष्यभर पायी फिरले. पण संन्यास घेतला तो पत्नी गेल्यावर. तोवर माणगाव सोडलं तेही तिला सोबत घेऊनच. आणि फिरण्यालाही नियम होता. चातुर्मास आला की एकाच जागी. आपल्या किनाऱ्यावरही जून लागला की होड्या वर ओढतात आणि जाळी विणायला बसतात. फिरणाऱ्यालासुद्धा शिस्त लागते, किनारा लागतो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. मग विचारलं, "किती विषय राहिलेत?"

तो गप्प. मग म्हणाला, "दोन."

"पास झाला असतास तर सोडलं असतंस?"

उत्तर आलं नाही. चहा उतू गेला. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात तो म्हणाला, "आणि तू दादा? तू थय नोकरीक चिकटून रवलंस, ता कर्तव्य म्हणान, की भियान?"

या प्रश्नानं मी हाललो. कारण तिसऱ्या वर्षाला मलाही सोडायचं होतं. सोडलं नाही ते कर्तव्य म्हणून नव्हे. लोक काय म्हणतील, पगार नाही मिळाला तर काय, म्हणून. आज ईएमआयची भीती आहे. श्लोकात भगवंत भीतीनं सोडण्याबद्दल बोलतात, पण नववा श्लोक शेजारी ठेवला तर भीतीनं धरून ठेवणारासुद्धा कुठे सुटतो? कर्म होतं खरं, पण आसक्ती तशीच राहते. तो गाडीत बसून पळतोय, मी खुर्चीत बसून. बग एकच, मशीन वेगळं.

म्हणून त्याला "सोडू नको" म्हणायचा हक्क मला नाही असं वाटलं. एवढंच म्हणालो, की दोन पेपर दे. पास हो किंवा नापास, पण ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर एकदा बस. त्यानंतरही जावंसं वाटलं तर मामा-मामीला समोर बसवून सांग, कर्जाचं काय करणार तेही सांग. तेव्हा मी तुझ्या बाजूनं बोलेन. भीती न भेटता निघालास तर ती मागच्या फळीवर झोपून तुझ्याबरोबर लडाखपर्यंत येईल.

तो "बघूया" म्हणाला. पेपर पंधरा दिवसांवर आहेत. काय करेल ते मला माहीत नाही. मामीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

आजचा अभ्यास छोटासा. जे सोडावंसं वाटतंय ते एक, आणि जे धरून ठेवलंय ते एक, अशा दोन गोष्टी कागदावर लिहा. दोन्हींपुढे एकच प्रश्न: भीती नसती तर मी काय केलं असतं? माझा कागद मी काल रात्री लिहिलाय. दुसऱ्या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.

श्रीगुरुदेव दत्त.