सुटीतील मृगया

मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा त्याच्या उद्योगावरून करण्याचा प्रघात आहे. परंतु उद्योग पुष्कळ वेळा पोटाने ठरविलेला असतो, सुटी मात्र मनुष्य स्वतः ठरवितो. नीतिविषयक ग्रंथांत कर्तव्याची चर्चा विपुल आढळते, करमणुकीची क्वचितच. जणू काही करमणूक हा धर्माधर्माच्या कक्षेबाहेरील प्रांत आहे. आम्हांस उलट वाटते. जेथे निवड सर्वांत मोकळी, तेथे जबाबदारीही सर्वांत अधिक असली पाहिजे. कारण ‘काय करणार, भाग पडले’ ही सबब तेथे चालत नाही.

या विचारास निमित्त एका साध्या बेताचे आहे. आमच्या परिचयातील साताऱ्याच्या व सांगलीच्या काही कुटुंबांत यंदाच्या मे महिन्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर गळ घेऊन जाण्याचा विचार चालला आहे. सातारकरांनी कासच्या पठारावरून बामणोलीस उतरावे, सांगलीकरांनी कऱ्हाड-पाटणमार्गे कोयनानगर गाठावे, आणि मग एवढ्या लांबलचक पाण्याच्या कोणत्या काठावर भेटावे, यावर वाद रंगतात. दोरी किती ताणाची, आमिष कणकेचे की गांडुळाचे, पहाट बरी की तिन्हीसांज, याच्या याद्या होतात. वस्तुतः प्रवासाचे अर्धे सुख बेतातच असते. बेतात ऊन लागत नाही, होडी चुकत नाही, आणि मासा नेहमी लागतो. सांगलीच्या उन्हाळ्यात तापलेल्या मनास डोंगरातील गार पाण्याची ओढ वाटावी, यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की त्या पाण्यातील एका जीवाची तडफड हा आपल्या विरंगुळ्याचा विषय व्हावा काय?

या प्रश्नास घाईने उत्तर देणारे दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही आम्हांस अपुरे वाटतात. शाकाहारी घरातील मनुष्य ‘हिंसा ती हिंसाच’ म्हणून मोकळा होतो. परंतु पैठणीच्या रेशमासाठी किती किडे उकळत्या पाण्यात गेले, याची चौकशी तो लग्नाच्या खरेदीत करीत नाही. दुसरा म्हणतो, ‘आम्ही मासे खातोच, मग धरण्यात पाप कसले?’ यात भूक आणि खेळ यांची गल्लत आहे. नदीकाठचा भोई जाळे टाकतो ते चूल पेटावी म्हणून. त्याच्या जाळ्यातील मासाही मरतोच, पण त्या मरणास एक कारण असते, आणि ते कारण भोई कोणासमोरही उघडपणे सांगू शकतो. मुले गमतीने बेडकांना दगड मारतात, बेडूक मात्र गमतीने मरत नाहीत, असे बायन नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाचे म्हणणे प्लूटार्कने नोंदविले आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यास समाधानकारक उत्तर मिळालेले आम्हांस ठाऊक नाही.

तथापि गळ टाकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. आयझॅक वॉल्टन याने 1653 साली या विषयावर जो प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच या छंदास चिंतनशील मनुष्याची करमणूक म्हटले आहे. चिंतनास गळाची गरज काय, असे विचारणे सोपे आहे. पण हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. रिकाम्या हाताने पाण्याकाठी बसलेला सुशिक्षित मनुष्य बहुधा पाव घटकेत कंटाळतो. हातात दोरी आली की तोच मनुष्य तीन-तीन तास वारा, तरंग, सावली आणि पाण्याचा रंग यांवर दृष्टी खिळवून बसतो. गळाने त्यास एकाग्रता दिली, हे खरे आहे. मात्र या एकाग्रतेचे मोल त्याच्या पदरचे जात नाही. ते मासा देतो.

यावर हल्ली एक तोड सुचविली जाते: मासा धरावा, क्षणभर हातात घ्यावा, छायाचित्र काढावे आणि पुन्हा पाण्यात सोडावा. वरवर पाहता ही करुणेची पायरी दिसते, आणि माशांची संख्या राखण्याच्या दृष्टीने तीत लाभही आहे. परंतु प्रत्येक माशाच्या दृष्टीने पाहावे तर प्रकार निराळा दिसतो. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांचे सहकारी यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा ओळखणारे ज्ञानतंतू असल्याचे दाखविले. मासा आपल्यासारखे दुःख भोगतो काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. पण संशयाचा फायदा गळाला द्यावा की माशाला, हा प्रश्न शास्त्राचा नसून नीतीचा आहे. खाण्यासाठी मारणाऱ्यास निदान भुकेचा आधार असतो. सोडून देण्यासाठीच गळ टोचणाऱ्याने तो आधारही स्वतः होऊन टाकलेला असतो. त्याच्यापाशी उरतो केवळ खेळ.

माशांवर आपले प्रेम आहे, आम्हीच त्यांस वाढवितो, असेही काही म्हणतात. अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिम भागात कोकनी नावाचा सॅल्मन जातीचा मासा आहे. नाव आपल्या कोकणातले वाटले, तरी ते तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. समुद्रास पारखा झालेला हा मासा जन्मभर गोड्या पाण्यात राहतो आणि एकदा अंडी घातली की मरतो. डोंगरांतील कित्येक कृत्रिम जलाशयांत तो मुद्दाम सोडला जातो, आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी सहली निघतात. पाणी आम्ही साठविले, मासा आम्ही सोडला, तेव्हा हक्कही आमचाच, अशी ही विचारसरणी. पेरल्याने हक्क येत असेल, वेदना मात्र त्याने कमी होत नाही.

आणि अशा प्रेमाचे परिणाम नेहमी शुभच होतात असेही नाही. त्याचा दाखला आपल्याच मुलखातील माशाने दिला आहे. कर्नल साइक्स याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळामुठेतील महसीराचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यास दिलेले ‘खुद्री’ हे नाव आजही शास्त्रात चालते. धरणांनी वाटा अडविल्या व संख्या घटली, तेव्हा टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात या माशाची पैदास सुरू झाली. काम निःसंशय स्तुत्य होते. पुढे तेथील पिले दक्षिणेत कावेरीतही सोडण्यात आली. गळाच्या शौकिनांनी तेथे नदीवर पहारा ठेवून सुरुंगाने मासे मारणाऱ्यांस आवर घातला, हे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. परंतु त्याच पाण्यात बाहेरून आलेला खुद्री माजला, आणि कावेरीचा स्वतःचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर दिसेनासा होत गेला. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नव्हता. मोठा मासा गळास लागावा, या इच्छेने नदीकडे पाहिले, की मोठे मासे दिसतात. नदी कोणाची होती हे दिसत नाही.

शिवसागरावर हे न दिसणे अधिकच गंभीर ठरते. त्या निळ्या पाण्याखाली कोयनाखोऱ्यातील अनेक गावांची शेते, जोती आणि देवळांचे चौथरे आहेत. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, महाराष्ट्रास वीज मिळाली, आणि खोऱ्यातील माणसे ठाणे, रायगड, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा घाव याच भागावर बसला. पुढे 1985 साली भोवतालच्या अरण्याचा मोठा भाग अभयारण्य झाला. शेजारी सांगली जिल्ह्यातील वारणेवरच्या चांदोलीस 2004 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जे राहत होते त्यांनी गावे दिली. जे मागे उरले त्यांनी चराईच्या व जंगलाच्या सवयी सोडल्या. कोयनेचे पाणी कऱ्हाडास आणि वारणेचे हरिपुरास कृष्णेला मिळते. सांगलीच्या मनुष्याने नळ उघडला तरी त्या खोऱ्यांशी त्याचे नाते जुळते. एवढ्या त्यागांनंतर सर्वांत शेवटी येणाऱ्या प्रवाशाने ‘माझी हौस’ म्हणून पाण्यावर हक्क सांगावा, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

मग सहल रद्द करावी काय? येथे आम्हांस अशोकाचे स्मरण होते. आपल्या आठव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रांस निघत आणि त्यांत मृगया व तत्सम करमणुकी चालत. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या यात्रेस गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या लेखाचा एक तुकडा 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांस आपल्या सोपाऱ्यासच सापडला, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष जवळची वाटावी. यातील मर्म असे, की अशोकाने यात्रा बंद केली नाही, तिचा हेतू पालटला. त्या यात्रांत तो श्रमण, ब्राह्मण व वृद्ध यांस भेटे, खेड्यापाड्यांतील जनांशी बोले. आणि यातच अधिक आनंद आहे, असेही तो नोंदवितो. कलिंगात रक्तपात पाहिलेल्या राजाने करमणुकीचाही हिशेब मांडावा, याचा अर्थ आमच्या मते फार मोठा आहे.

तेव्हा आमच्या स्नेह्यांनी बेत मोडू नये. याद्या कराव्यात, मार्गावरून वाद घालावेत, पहाटे पाण्याकाठी बसावे. मासा खावयाचा असेल तर काठच्या भोयाकडून घ्यावा, आणि त्याने सांगितलेले मोल घासाघीस न करता द्यावे. गळ मात्र घरी ठेवावा. मोकळ्या झालेल्या हातांस काय काम द्यावे, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी आमची एक सूचना आहे. त्या काठावर अजून अशी वृद्ध माणसे भेटतात, ज्यांस बुडालेल्या गावाची वेस कोठे होती, चिंच कोठे होती, नदीस उतरणारी वाट कोठून जात असे, हे ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसून ते ऐकावे, आणि बरोबर नेलेल्या मुलांसही ऐकवावे. वॉल्टनने ज्या एकाग्रतेचे गुण गाइले, ती येथेही लागते, आणि तिचे मोल यावेळी आपण स्वतः देतो.