भिजण्याची मुभा

पावसात भिजणे हे सुख की दुःख, हा प्रश्न वरवर पाहता बालिश वाटतो. पण त्याचे उत्तर अंगावरच्या पाण्यावरून देता येत नाही, हे ध्यानात आले म्हणजे त्यातील गांभीर्य कळू लागते. एकाच रस्त्यावर एकच सर दोघांवर येते. एक हसतो, दुसरा कपाळाला हात लावतो. पाणी तेच, गारवा तोच. फरक असतो तो निवडीचा. पहिल्याला घरी राहणे शक्य होते, दुसऱ्याला नव्हते. सुटीच्या दिवशी हौसेने सायकल काढून पावसाळी आडवाटांनी रमतगमत हिंडणाऱ्या सुशिक्षित माणसाने या फरकाचा एकदा तरी नीट विचार केला पाहिजे.

प्रथम हौसेची बाजू मांडू. भोपाळहून भोजपूर सुमारे ३० किलोमीटर. मोटारीने हा प्रवास तासाभरात आटोपतो. सायकलीवर ताशी १२-१५ किलोमीटरच्या संथ चालीने दोन-अडीच तास लागतात. पण मोटारीतल्या माणसाला पाऊस काचेवर दिसतो, सायकलस्वाराला तो आधी ऐकू येतो. सागाच्या रुंद पानांवर सर वाजत वाजत जवळ येते आणि मग अंगावर कोसळते. डांबर सोडून शेतवाटेला लागावे, तर माळव्याकडची ती चिकट काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते, की काडीने उकरून काढल्याखेरीज चाक पुढे सरकत नाही. रिम ओली झाली, की ब्रेक लवकर लागत नाही, म्हणून उतारावर आधीपासूनच धीम्याने यावे लागते. थोडक्यात, आपला बेत आणि प्रत्यक्ष वाट यांमध्ये दर मैलाला वाटाघाटी चालू असतात.

सरकारी कामात मुरलेल्या मनाला हे पथ्यकर आहे. आपले आयुष्य ठरलेल्या कार्यक्रमावर चालते. दौऱ्याचे वेळापत्रक आधी मंजूर होते आणि ते चुकले तर खुलासा द्यावा लागतो. कचेरीत हे योग्यच आहे. नियमितपणा हा तेथे सद्गुण आहे, कारण त्यावर इतरांची कामे अवलंबून असतात. घात होतो तो हीच अपेक्षा आपण सबंध सृष्टीकडून करू लागतो तेव्हा. जे ठरले ते झालेच पाहिजे, आणि झाले नाही तर कोणीतरी अपराधी असलाच पाहिजे, ही समजूत हळूहळू हाडीमाशी खिळते.

आकाश असा खुलासा देत नाही. हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. मोसमी पावसाचा अंदाज ब्लॅनफर्डच्या काळापासून, म्हणजे १८८६ पासून, वर्तविला जात आहे. आज उपग्रह, रडार आणि संगणक यांच्या साह्याने तो पुष्कळच सुधारला आहे. तरीही ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ विभागातील फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस, एवढाच. त्या चौथाईत आपली वाट आहे की नाही, हे त्या शब्दांतून कळत नाही. एडवर्ड लॉरेन्झ याने १९६३ साली दाखवून दिले, की पूर्णपणे नियमबद्ध अशा गणिती व्यवस्थेतही आरंभीच्या मोजमापातील अगदी सूक्ष्म फरक वाढत वाढत सारा निष्कर्ष पालटून टाकू शकतो. हवामानाच्या अनिश्चिततेला केवळ आपले अज्ञान कारण नाही. तिचे मूळ वातावरणाच्या स्वभावातच आहे. मग तिच्यावर रागावण्यापेक्षा तिच्याशी सख्य जोडणे शहाणपणाचे नव्हे काय?

भोजपूर येथे या विचाराला एक पाषाणमय पुरावा भेटतो. परमार भोजाच्या नावाने ओळखले जाणारे अकराव्या शतकातील ते भव्य शिवमंदिर अपुरेच राहिले; जवळच्या खडकांवर मात्र त्याचे रेखीव आराखडे अजून कोरलेले दिसतात. बेत दगडावर कोरला म्हणून सिद्धीस जातोच, असे नाही. आणि म्हणून ते मंदिर व्यर्थ ठरते, असेही नाही. त्याच परिसरातून वाहणारी बेतवा म्हणजे कालिदासाची वेत्रवती. ‘मेघदूता’तील यक्ष हाही एका अर्थी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दूर धाडलेला सेवकच. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी प्रतिपादिले. निरोप तातडीचा, तरी यक्ष मेघाला उज्जयिनीकरिता वाट वाकडी करायला सांगतो. आडवाटेचे महत्त्व विरहातही ओळखणारा तो रसिक होता.

येथवर सारे गोड आहे. परंतु कोणी विचारील : त्याच रस्त्यावर मजुरीसाठी सायकल रेटीत निघालेल्या माणसाला ही मीमांसा ऐकवाल काय? ज्याचा दिवसाचा खाडा म्हणजे रात्रीची चूल, गावोगाव टपाल पोचविणे हे ज्याचे काम, किंवा कापणीला आलेले सोयाबीन ज्याच्या डोळ्यांदेखत भिजते आहे, त्याला अनिश्चिततेशी सख्य जोडा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. घरी कोरडे कपडे आणि आल्याचा चहा वाट पाहत आहेत, म्हणूनच आपल्याला भिजणे गोड लागते. तेव्हा या हौसेला तपश्चर्येचे नाव देऊ नये. दोन तास भिजल्याने गरिबाचे दुःख कळले, असा भ्रम तर मुळीच बाळगू नये. पण म्हणून हा आनंद पाप ठरतो, असेही मला वाटत नाही. आपण घरी बसल्याने शेतकऱ्याचे एक बोंडही कोरडे राहत नाही. निर्दोष सुखाचा त्याग केवळ दुसऱ्याला ते मिळत नाही म्हणून केल्यास जगातील सुख तेवढे कमी होते. दुःख कमी होत नाही.

मात्र ही मुभा भोगणाऱ्यावर दोन ऋणे चढतात. पहिले, आपल्या साहसाचा भार दुसऱ्यावर न टाकण्याचे. नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर तेथून निमूटपणे परतावे. आपण वाहून गेलो, तर दोर घेऊन पाण्यात उतरणारा असतो तो त्याच गावचा गरीब माणूस. त्याला निवड करण्याची सवड आपण ठेवीत नाही. दुसरे ऋण सोमवारी, कचेरीत, फेडावयाचे आहे. खिडकी बंद झाल्यावर चिखलाने माखलेला एखादा अर्जदार दारात उभा राहतो आणि ‘नाला भरला होता’ म्हणून सांगतो. ज्याने नाल्याचे पाणी कधी पाहिले नाही, त्याला ती सबब वाटते. ज्याने पाहिले आहे, त्याला निष्काळजीपणा आणि निरुपाय यांमधील भेद निदान तपासून पाहावासा वाटला पाहिजे. नियम मोडा, असे मी म्हणत नाही. नियमात विवेकाला जेथे जागा ठेवलेली असते, ती जागा रिकामी राहू नये, एवढेच म्हणतो.

बेत फसूनही माणूस निर्दोष असू शकतो, हे ज्ञान आपल्याला सुटीच्या दिवशी, फार तर भिजक्या सदऱ्याच्या मोलाने मिळते. इतरांना त्याची किंमत फार जबर मोजावी लागते. इतक्या स्वस्तात हाती आलेले हे ज्ञान त्यांच्या कामी आले नाही, तर रविवारचे आपले भिजणे नुसतीच चैन ठरेल.