गुरुजींची पात्रता कुठे तपासायची?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला आणि महाराष्ट्रातल्या गुरुजींची झोप उडाली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे ‘टीईटी’, उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. संघटना रस्त्यावर उतरल्या. इतकी वर्षे शिकवले, आता परीक्षा कसली, हा त्यांचा सवाल. उलट ज्यांच्या मुलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेची पायरीही कधी चढलेली नाही, ती मंडळी परीक्षेला भिणारा मास्तर काय कामाचा, म्हणून टाळ्या पिटू लागली. संघटनांचा युक्तिवाद लंगडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीस वर्षे तीच चूक करत राहिले, तरी सेवापुस्तकात त्याची नोंद अनुभव म्हणूनच होते. शिवाय परीक्षेची अधिसूचना २३ ऑगस्ट २०१०ची. ती काही काल रात्री निघालेली नाही. पण टाळ्या पिटणाऱ्यांनी तरी ही परीक्षा नेमके काय तपासते, हे पाहिले आहे का?

दीडशे मिनिटे, दीडशे बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला साठ टक्के. राखीव प्रवर्गांना काही सवलत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुणांना. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या विकासाच्या अवस्था क्रमाने लावल्या की गुण मिळतो. आता तिसरीच्या वर्गात या. ५२ वजा १७ या उदाहरणाचे उत्तर एका मुलीने ४५ लिहिले आहे. तिने ठोकून दिलेले नाही. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा नियम तिने मनाशी पक्का केला आहे, म्हणून एककाच्या घरात सातातून दोन काढले आणि दशकाच्या घरात पाचातून एक. हातचा घेण्याची वेळच तिच्यावर आली नाही. हे ज्याला दिसते तो शिक्षक. ज्याला दिसत नाही तो लाल फुली मारून पुढच्या वहीकडे वळतो. बरोबर उत्तर ३५ हे दोघांनाही येते आणि परीक्षेत दोघांनाही तितकाच गुण मिळतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याला ‘हातचा’ कसा समजवायचा, हे रंगवायला उत्तरपत्रिकेत गोल नाही.

इथे जोतीराव फुल्यांकडे जावे लागते, आणि त्यांच्याकडे जरा रेंगाळावेही. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाबद्दल जे मागितले, त्याच्या जवळपासही आपले धोरण अजून पोचलेले नाही. प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक शिक्षक त्यांनाही हवा होता, तेव्हा संघटनांनी त्यांना आपल्या बाजूने उभे करू नये. पण हा शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून यावा, लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा असावा, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरता यावी, हेही त्यांनी बजावले. प्रमाणपत्र असलेल्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असे तर आकडा देऊन सांगितले. गावातली टपाल, दस्तनोंदणी, मुद्रांकविक्री अशी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, ही त्यांची सूचना. आपण त्यातली कामे तेवढी उचलली. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांसाठी शिक्षकाला जुंपायची मुभा ठेवली आहे. वजन आणि मिळकत मात्र निवेदनातच राहून गेली.

मग परीक्षा नकोच का? या मुद्द्यावर मला थोडे मागे यावे लागते. नव्या उमेदवारासाठी ती हवी. ज्याला अपूर्णांक येत नाहीत, त्याला दारातच अडवायला हवे. पण सेवेतल्या माणसाला पारखायचे तर वर्गात जावे लागते. त्यावर आक्षेप ठरलेला: वर्गनिरीक्षण म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांची मर्जी, जेवणावळी, पाकिटे. भीती खोटी नाही. पण यंत्राने तपासलेली परीक्षा सोवळी असते, हा भ्रम महाराष्ट्राने तरी बाळगू नये. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन अपात्रांना पात्र केल्याच्या आरोपावरून २०२१ अखेर राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

गंमत म्हणजे वर्गात पारखण्याची सोय आपल्याकडे २००० सालापासून आहे. नवा माणूस तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ असतो. त्याचा धडा पाहायला, चूक दाखवायला, पुन्हा पाहायला तीन वर्षे! एकाऐवजी दोघांनी, तेही वेगवेगळ्या तालुक्यांतून येऊन पाहिले आणि लेखी कारणे दिली, तर मर्जीला बराच आळा बसेल. पण ही तीन वर्षे पारखण्यासाठी नव्हे, पगार वाचवण्यासाठीच वापरली गेली. प्राथमिकच्या सेवकाला महिना सहा हजार मिळत, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. निरीक्षणाची व्यवस्था उभारायची तर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावे लागेल आणि केंद्रप्रमुखाला माहिती भरण्याच्या जाचातून सोडवून वर्गात बसवावे लागेल. तो खर्च सरकारचा. परीक्षेचे शुल्क मात्र उमेदवारच भरतो.