सोबतीचे चाकर गप्प बसले नाहीत
(सामान्य काळातील चोविसावा रविवार)



आजच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजाने त्याचे कधीही न फिटणारे कर्ज माफ केले आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबतीच्या चाकराचा गळा धरला. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांच्या मजुरीचे हे कर्ज थोडी सवड मिळाली असती तर फिटले असते. देणेकऱ्याने ते नाकारलेही नव्हते. त्याने फक्त मुदत मागितली होती.

या दृष्टान्तातून आपण क्षमेचा धडा घेतो आणि तो घ्यायलाच हवा. पण गळा धरण्याचा प्रकार आजही घडतो. आपल्या खंडाळा-लोणावळ्यातील कितीतरी घरे पर्यटकांवर चालतात. कोणाची टॅक्सी कर्जावर असते, कोणी हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात किंवा बंगल्यावर कामाला असते. सुट्ट्यांत चार पैसे हाती येतात, एरवी ओढाताण असते. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. तो थकला की काही ठिकाणी शिवीगाळीचे फोन सुरू होतात, शेजाऱ्यांसमोर तमाशा होतो, नातेवाइकांना कळवले जाते. मोबाइलच्या ॲपवरून कर्ज देणारे काही जण तर फोटो पसरवण्याची धमकी देतात. मग माणूस लाजेने तोंड लपवतो. तो मिस्सेला येईनासा होतो. काहींच्या मनात तर जीव देण्याचे विचार येतात.

घेतलेले कर्ज फेडणे हे आपले कर्तव्य आहे, यात शंका नाही. पण कर्ज देणाऱ्यालाही देवाने मर्यादा घातली आहे. अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र सांगते, की सावकाराने गहाण वस्तू घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये. त्याने दाराबाहेर थांबावे आणि कर्जदाराने स्वतः वस्तू आणून द्यावी. ज्यावर पोट चालते ते जाते गहाण घेऊ नये, आणि गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे. गरिबाकडे पैसा नसला तरी त्याच्या घराला उंबरठा आहे आणि तो देवाला मान्य आहे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. (न वटलेल्या धनादेशाचा खटला वेगळा असतो. त्याच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये.) २००७ साली एका खासगी बँकेच्या वाहनकर्जाच्या खटल्यात याच न्यायालयाने वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या पद्धतीचा निषेध केला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँका व वित्त कंपन्यांना बजावले, की थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये आणि घरच्यांना व मित्रांना त्रास देऊ नये. बचत गटांसारख्या छोट्या सूक्ष्म कर्जांसाठी त्याच वर्षी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ही वेळ ठरवून दिली गेली.

म्हणून असा प्रसंग आल्यास काय करावे?

१. वसुलीला आलेल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे.
२. फोनची तारीख व वेळ लिहून ठेवावी, संदेश जपून ठेवावेत. रोख पैसे दिल्यास पावती घ्यावी.
३. प्रथम बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी व मुदत मागावी. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.
४. मारहाण किंवा धमकी झाल्यास थेट पोलीस ठाण्यात जावे. ॲपवाल्यांच्या छळासाठी १९३० वर फोन करावा.
५. बिनपरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.
६. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते.

सावकारी जाचाची आठवण आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. १८७५ साली सुपे येथे संतापलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. वसईच्या ख्रिस्ती समाजाने पुढे वेगळी वाट धरली. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी पतसंस्था उभी राहिली. आज ती बसीन कॅथॉलिक बँक म्हणून ओळखली जाते. एकट्याने सोसण्यापेक्षा एकत्र येण्यात बळ आहे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आता दृष्टान्ताकडे पुन्हा पाहू या. त्यात आणखी काही माणसे आहेत, ज्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे सोबतीचे इतर चाकर. त्यांनी गळा धरलेला पाहिला, त्यांना अतिशय वाईट वाटले आणि ते राजाकडे गेले. 'त्याचे कर्ज, तो बघेल' असे म्हणून ते आपापल्या कामाला लागले नाहीत. राजाला अन्याय कळला तो त्यांच्यामुळे.

आपल्या धर्मग्रामात आपली जागा हीच आहे. शेजारच्या दारात आरडाओरडा झाला तर खिडकी लावून घेऊ नये, बाहेर येऊन त्या कुटुंबाजवळ उभे राहावे. कोणाच्या कर्जाची चर्चा चहाबरोबर करू नये. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने तो लिहून द्यावा. ज्याला वेळ आहे त्याने बँकेत किंवा पोलीस ठाण्यात सोबत जावे. बरेच दिवस जो मिस्सेला दिसला नाही, त्याच्या घरी जाऊन यावे. आणि आपल्यापैकी कोणी वसुलीचे काम करून पोट भरत असेल, तर त्यानेही लक्षात ठेवावे की समोरचा माणूस त्याच्या सोबतीचाच चाकर आहे.

कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या बंधुभगिनींनो, तुमचा जीव कोणत्याही कर्जापेक्षा मोलाचा आहे. लाजू नका, लपू नका, कोणाशी तरी बोला. प्रभू येशूच्या या घराचे दार तुमच्यासाठी उघडे आहे.

प्रभू आपणा सर्वांना एकमेकांचे सोबती होण्याची कृपा देवो. आमेन.