उष्णतेचे सोमसूत्र

शीतलतेमुळे ताप नाहीसा होतो की केवळ दुसरीकडे जातो, हा प्रश्न भारतीय दर्शनांत पदार्थविचाराच्या ओघात येऊन गेला असला, तरी घराघरांतील संगणकाच्या निमित्ताने तो नव्याने विचारण्याजोगा झाला आहे. वैशेषिक दर्शन शीत स्पर्श हा जलाचा आणि उष्ण स्पर्श हा तेजाचा स्वाभाविक गुण मानते. म्हणून वसईजवळ तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे जे गरम पाण्याचे झरे, म्हणजे कोकणी बोलीतले उन्हाळे, आहेत, त्यांच्या पाण्याचा ऊनपणा या दर्शनाच्या दृष्टीने औपाधिक, म्हणजे दुसऱ्याच्या संगतीने आलेला ठरतो. आधुनिक विज्ञानाने तेज हे द्रव्य मानणे सोडले. तरी तापलेले पाणी परक्याचा ताप वाहत असते, ही त्या विचारातली जाण आजही खोटी ठरलेली नाही.

गणनेलाही तापाचे ऋण चुकत नाही. रॉल्फ लँडॉर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की माहितीचा एक कण पुसताना काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. प्रत्यक्षातील यंत्रे त्या किमान मर्यादेहून कितीतरी अधिक तापतात, आणि वरच्या दर्जाचा प्रोसेसर, म्हणजे संगणकातील गणना करणारी मुख्य चकती, पूर्ण भारात अडीचशे वॅटपर्यंत वीज घेऊन ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने परत करतो. ही उष्णता पंख्याच्या वाऱ्याने काढता येते. परंतु तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेत असल्याने, मिनिटाला एक लिटर पाणी त्या चकतीवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवले, तर ते जेमतेम साडेतीन अंशांनी तापते आणि सगळा भार उचलून नेते. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांना पाण्याची जोड दिली होती, आणि पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रवाने थंड करण्याची रीत वापरलेली आहे. जे महासंगणकाला मिळाले ते टेबलावरच्या संगणकालाही स्वस्तात आणि प्रमाणित स्वरूपात मिळावे, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

तापलेल्यावर पाणी धरण्याची कल्पना या प्रदेशाला परकी नाही. वसईच्या पूर्वेकडील डोंगरावर तुंगारेश्वराचे शिवमंदिर आहे, आणि शिवमंदिरात पिंडीवर थेंबथेंब पाणी ठिबकत ठेवणाऱ्या, तळाशी छिद्र असलेल्या पात्राला मराठीत गळती म्हणतात. हलाहल प्राशन केलेल्या देवाचा दाह शमावा, हा त्यामागचा भाव. संगणकात पाणी खेळवताना गळती हेच सर्वांत मोठे भय असते, आणि देवळात तीच सेवा ठरते, हा एका शब्दाचा दुहेरी अर्थ मनात रेंगाळतो. परंतु गळतीहून अधिक विचार सोमसूत्राचा व्हायला हवा. शाळुंकेवरून वाहणारे अभिषेकाचे पाणी ज्या वाटेने बाहेर जाते तिला सोमसूत्र म्हणतात, आणि प्रदक्षिणा करणारा तिथपर्यंत जाऊन मागे फिरतो, ती वाट ओलांडत नाही. दाह शमवून निघालेल्या पाण्याची वाट उपासकाने ध्यानात ठेवावी आणि तिचा मान राखावा, असा या आचाराचा अर्थ लावता येतो. तो परंपरेने सांगितलेला अर्थ नसेल, पण आचाराशी विसंगतही नाही.

संगणकाच्या शीतकातून निघणाऱ्या तापाच्या वाटेकडे वळण्याआधी स्वस्त आणि प्रमाणित शीतकाची मागणी पाहिली, तर तिचे अर्धेच काम झालेले दिसते. पंप, नळ्या आणि रेडिएटर, म्हणजे गरम पाण्यातला ताप वाऱ्यावर सोडणारी पत्र्यांची चौकट, हे सगळे एकत्र जोडून मोहोरबंद केलेले संच आता बाजारात सहज मिळतात, आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचे माप सर्वत्र रुळल्यामुळे ही चौकट बहुतेक पेट्यांत बसते. मात्र प्रोसेसरचा साचा बदलला की ठोकळ्याची पकड बदलावी लागते, आणि पुष्कळ संचांत एक पंप बंद पडला की सगळाच संच टाकून द्यावा लागतो. खरी स्वस्ताई किमतीच्या चिठ्ठीवर नसते, दुरुस्तीत असते. धर्मशास्त्राने प्रपादान, म्हणजे उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोई घालणे, हे पुण्यकर्म मानले. पाणपोईचा रांजण कोणत्याही कुंभाराकडचा चालतो आणि फुटला तर दुसरा आणता येतो, म्हणूनच ती साध्या माणसालाही घालता येते; शीतकाचेही तसेच व्हायला हवे.

पाण्याच्या बाबतीत वसईची स्मृती ताजी आहे. १९९० च्या सुमारास गावांतल्या विहिरींचे पाणी उपसून टँकरने नव्या इमारतींना विकले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. कारण समुद्रकाठी गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे शिरते आणि बावखले, म्हणजे वाड्यांमधली पारंपरिक तळी, व केळीच्या बागा त्याची किंमत मोजतात. घरगुती शीतकावर मात्र हा आक्षेप लागू होत नाही, कारण त्यातले पेलाभर पाणी बंद वाटेने फिरत राहते आणि खर्च होत नाही. पाणी वाफेवर घालवणारे मोठे माहिती-केंद्र वेगळे आणि हा वेगळा, हा विवेक सोडू नये.

ताप मात्र बंद वाटेत राहत नाही. वसईजवळच्या नालासोपाऱ्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, वैशाखाच्या दमट दुपारी, रेडिएटरमधले पाणी खोलीतल्या हवेहून थंड होऊच शकत नाही, आणि चकतीवरून उचललेले अडीचशे वॅट ते त्याच हवेत, शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलाच्या अंगावर, सोडते. तेथे वातानुकूलन यंत्र बसवले, तर तोच ताप स्वतःच्या विजेच्या तापासह भिंतीबाहेर जातो, जेथे हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची खिडकी असते. तिथे सोमसूत्र कोणत्या दिशेला काढायचे, हे त्या खिडकीमागच्या माणसाला आजवर कोणी विचारलेले नाही.